स्पेनची यादवी, १९३६–१९३९

१७ जुलै १९३६ च्या दुपारी उत्तर आफ्रिकेतल्या मेलिया या स्पॅनिश लष्करी ठाण्यात काही अधिकाऱ्यांनी सरकारविरुद्ध बंड पुकारले. कटाचा सुगावा लागल्याची कुणकुण आल्याने ठरलेल्या वेळेआधीच बंदुका बाहेर निघाल्या. दुसऱ्या दिवशी हे लोण स्पेनच्या मुख्य भूमीवर पोहोचले. लष्कराने बराकीबाहेर पडायचे, चारदोन दिवसांत सरकार पाडायचे आणि आपला माणूस बसवायचा, हा प्रकार स्पेनला एकोणिसाव्या शतकापासून परिचयाचा होता. या वेळीही बंडवाल्यांचा हिशेब तसाच होता. तो चुकला. सरकार पडले नाही आणि बंडही मोडले नाही. पुढे साडेबत्तीस महिने युद्ध चालले. त्यात सुमारे पाच लाख माणसे मेली, आणि त्यांतली दोन लाखांच्या आसपास रणांगणापासून दूर मारली गेली: स्मशानाच्या भिंतीशी, तुरुंगाच्या आवारात, रस्त्याकडेच्या चरांत.

मराठीत अशा युद्धाला यादवी म्हणतात. प्रभासक्षेत्री यादवांनी एकमेकांना मारले आणि शेवटी कोणी उरले नाही, ती कथा या शब्दामागे आहे. स्पेनच्या बाबतीत हा शब्द अर्धाच लागू पडतो. तिथे एक पक्ष उरला, त्याने छत्तीस वर्षे राज्य केले आणि मेलेल्यांचीही वाटणी केली. आपल्या मृतांची नावे त्याने चर्चच्या भिंतींवर कोरली आणि दुसऱ्यांचे बहुतेक मृत जिथे पडले तिथेच राहू दिले.

युद्धाची मुळे जमिनीत होती. दक्षिणेकडच्या आंदालुसिया आणि एस्त्रेमादुरा प्रांतांत हजारो एकरांच्या जहागिरी मोजक्या घराण्यांकडे होत्या. मालक बहुधा माद्रिदला किंवा सेव्हियाला राहत आणि कारभार मुकादमाच्या हाती असे. गावातली बहुसंख्य माणसे भूमिहीन होती. पहाटे गावच्या चौकात मजूर गोळा होत, मुकादम येऊन बोटाने दाखवून माणसे निवडी, आणि उरलेले घरी परतत. ऑलिव्हची तोडणी आणि गव्हाची कापणी संपली की कित्येक महिने हाताला काम नसे. ज्याने तोंड वर करून मजुरी मागितली त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी मुकादमाचे बोट वळत नसे. राज्यसत्ता नको, मालक नको आणि चर्चही नको असे सांगणारा अराज्यवाद या गावांत रुजला तो पुस्तके वाचून नव्हे. उत्तरेत चित्र वेगळे होते. कास्तिल आणि नव्हारा इथला शेतकरी गरीब असला तरी त्याच्याकडे स्वतःचा तुकडा होता. तो धर्मनिष्ठ होता आणि 'वाटून टाका' या घोषणेची त्याला धास्ती वाटे. कॅटलोनिया आणि बास्क प्रदेश इथे कारखाने होते, स्वतःच्या भाषा होत्या आणि स्वायत्ततेची मागणी होती.

लष्कराचे दुखणे आणखी वेगळे होते. १८९८ मध्ये अमेरिकेशी झालेल्या युद्धात क्यूबा, प्वेर्तो रिको आणि फिलिपिन्स हातचे गेले. मग लष्कराच्या वाट्याला आले ते मोरोक्कोच्या उत्तर टोकाचे डोंगर. तिथे १९२१ मध्ये आन्वालजवळ अब्द अल-करीमच्या रीफ टोळ्यांनी स्पॅनिश फौजेची दाणादाण उडवली आणि हजारो सैनिक कापले गेले. याच डोंगरांत अधिकाऱ्यांची एक पिढी घडली. तिला भरभर बढत्या मिळाल्या, निर्दयतेची सवय झाली आणि संसदेतले पुढारी तुच्छ वाटू लागले. फ्रान्सिस्को फ्रँको हा याच पिढीचा; वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तो जनरल झाला. १९२३ मध्ये जनरल प्रिमो दे रिव्हेराने राजाच्या संमतीने हुकूमशाही आणली. ती १९३० मध्ये कोसळली आणि राजालाही घेऊन बुडाली. एप्रिल १९३१ च्या नगरपालिका निवडणुकांत शहरांनी राजेशाहीविरोधी कौल दिला, अल्फोन्सो तेरावा देश सोडून गेला आणि १४ एप्रिलला दुसरे प्रजासत्ताक जाहीर झाले.

नव्या सरकारने सगळ्याच गोष्टींना एकदम हात घातला. स्त्रियांना मताधिकार, घटस्फोटाची मुभा, कॅटलोनियाला स्वायत्तता, जमीन सुधारणेचा कायदा, धर्म आणि राज्य यांची फारकत, अधिकाऱ्यांची खोगीरभरती कमी करण्यासाठी पूर्ण पगारावर निवृत्तीची सोय. यांतले जवळजवळ प्रत्येक पाऊल रास्त होते आणि प्रत्येकाने एक नवा शत्रू तयार केला. जमीन वाटपाचा कायदा १९३२ मध्ये झाला, पण पैसा आणि भूमापक यांच्या अभावी वाटप मुंगीच्या पावलाने चालले. जमीनदार चिडले ते चिडलेच आणि मजुरांच्या पदरात काहीच पडले नाही. कॅथलिक शाळा बंद करण्याची घाई झाली, तेव्हा सरकारशी एरवी वैर नसलेली साधी भाविक कुटुंबेही दुरावली.

नोव्हेंबर १९३३ च्या निवडणुकीत उजवे पक्ष जिंकले आणि सुधारणा मागे फिरल्या. ऑक्टोबर १९३४ मध्ये अस्तुरियासच्या कोळसा खाणीतले कामगार सुरुंगाच्या कांड्या घेऊन उठले आणि दोन आठवडे त्यांनी प्रांत हाती ठेवला. हा उठाव चिरडण्यासाठी मोरोक्कोतून 'लीजन' हे वसाहती दल आणि स्थानिक मूर सैनिक आणले गेले. त्याची सूत्रे माद्रिदमधून फ्रँकोने हलवली. वसाहतीतली फौज आपल्याच माणसांवर सोडण्याची ही रंगीत तालीम ठरली. १६ फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत डाव्या आणि मध्यममार्गी पक्षांची 'लोकआघाडी' थोड्या मतांनी, पण निवडणूक पद्धतीमुळे भरघोस जागांनी जिंकली. मार्चच्या अखेरीस बादाहोस प्रांतात सुमारे ६०,००० मजूर एका सकाळी नांगर घेऊन मोठ्या जहागिरींवर गेले आणि जमीन धरून बसले. जमीनदारांच्या लेखी क्रांती त्या सकाळीच झाली होती.

कटाचा सूत्रधार जनरल एमिलियो मोला होता. त्याला सरकारने संशयावरून पाम्प्लोनाला पाठवले होते, म्हणजे नेमके कार्लिस्ट राजनिष्ठांच्या बालेकिल्ल्यात. फ्रँकोला कॅनरी बेटांवर दूर ठेवले होते. त्याला मोरोक्कोत नेण्यासाठी लंडनजवळच्या क्रॉयडनहून एक छोटे विमान भाड्याने घेतले गेले आणि सहलीला निघालेली मंडळी वाटावी म्हणून त्यात दोन तरुणीही बसवल्या गेल्या. फ्रँको शेवटपर्यंत काठावर होता. १२ जुलैला प्रजासत्ताकाच्या पोलीस दलातल्या कास्तियो या लेफ्टनंटचा खून झाला. त्याच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या पहाटे उजव्यांचा संसदेतला नेता काल्व्हो सोतेलो याला घरातून उचलून गोळी घातली. त्यानंतर काठावरचे अनेक जण कटाच्या बाजूला झुकले. उठावाचा नामधारी प्रमुख जनरल सानहुर्हो २० जुलैला पोर्तुगालहून निघताना विमान कोसळून मेला. समारंभी गणवेशांनी भरलेल्या त्याच्या जड पेट्यांनी विमान खाली खेचले, असे सांगतात.

बंड कुठे यशस्वी झाले आणि कुठे फसले, याला लोकांच्या कलाइतकेच त्या दोनतीन दिवसांतले धैर्य आणि योगायोगही कारण झाले. बार्सिलोनात कामगार संघटना आणि पोलीस एकत्र उभे राहिले आणि लष्कर हरले. माद्रिदमध्ये १९ जुलैला सरकारने कामगारांना बंदुका वाटल्या आणि दुसऱ्या दिवशी मोन्तान्या बराक पडली. सेव्हियासारख्या कामगारांच्या शहरात मात्र जनरल केइपो दे यानोने मूठभर सैनिकांनिशी बाजी मारली आणि रोज रात्री रेडिओवरून शिवीगाळ आणि धमक्यांची भाषणे सुरू केली. आरमारात खलाशांनी बंडखोर अधिकाऱ्यांनाच कैद केले. सामान्य सैनिकाची 'निष्ठा' तर बहुतेक वेळा पत्त्यावरून ठरली. जुलैच्या त्या आठवड्यात जो ज्या गावात होता, त्या बाजूच्या सैन्यात त्याची भरती झाली. एक भाऊ इकडे आणि एक तिकडे, असे हजारो घरांत झाले ते विचारांमुळे कमी आणि भूगोलामुळे जास्त.

महिनाअखेर देश फाटला. माद्रिद, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, बिल्बाओ ही मोठी शहरे, उद्योग आणि बँकेतले सोने प्रजासत्ताकाकडे राहिले. बंडखोरांकडे जुने कास्तिल, गॅलिसिया, नव्हारा आणि दक्षिणेतला एक पट्टा होता, आणि मोरोक्कोतली कसलेली फौज. ही फौज समुद्रापलीकडे अडकली होती. तिथे परदेश मदतीला आला. २५ जुलैच्या रात्री बायरॉइटला वाग्नरची संगीतिका ऐकून परतलेल्या हिटलरने फ्रँकोच्या दूतांची भेट घेतली आणि युंकर्स विमाने द्यायचे कबूल केले. मुसोलिनीचीही विमाने आली. तेतुआनहून सेव्हियापर्यंत रोज फेऱ्या मारत त्यांनी हजारो सैनिक स्पेनमध्ये उतरवले. एवढे सैन्य हवाई मार्गाने हलवण्याची जगातली ही पहिलीच वेळ होती. विमाने आली नसती तर बंड कदाचित ऑगस्टमध्येच गुदमरले असते.

सेव्हियाहून उत्तरेला निघालेल्या या तुकड्या गावे घेत आणि गावातल्या संघटनेचे सदस्य, महापौर, शाळामास्तर यांना गोळ्या घालत पुढे सरकल्या. १४ ऑगस्टला बादाहोस पडले. तिथे शहरातल्या रस्त्यांवर आणि बैलझुंजीच्या रिंगणात कैद्यांची सरसकट कत्तल झाली. मार्चमध्ये जमिनीवर बसलेल्या मजुरांना ऑगस्टमध्ये मिळालेले हे उत्तर होते. मोलाच्या लेखी सूचनांतच दहशत बसवण्याचा आदेश होता. ग्रानादाजवळच्या टेकड्यांत ऑगस्टमध्येच कवी फेदेरिको गार्सिया लोर्का मारला गेला. त्याचे अवशेष आजही सापडलेले नाहीत.

दुसऱ्या बाजूचे हातही रक्ताने माखले. सरकारी यंत्रणा कोसळल्यावर प्रत्येक पक्षाची आणि संघटनेची स्वतःची टोळी, तुरुंग आणि 'न्यायालय' उभे राहिले. रात्री मोटार दारात थांबे, माणसाला 'जरा फेरफटका मारून येऊ' म्हणून नेत आणि सकाळी त्याचे प्रेत शहराबाहेर सापडे. 'पासेओ', म्हणजे फेरफटका, या शब्दाला स्पॅनिशमध्ये तेव्हापासून हा दुसरा अर्थ चिकटला. युद्धकाळात सुमारे ६,८०० धर्मगुरू, भिक्षू आणि जोगिणी मारल्या गेल्या, बहुतेक पहिल्या काही महिन्यांत. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९३६ मध्ये माद्रिदच्या तुरुंगांतून बसगाड्यांनी बाहेर काढलेले दोन हजारांहून अधिक कैदी पाराकुएयोस गावाजवळ मारून पुरले गेले. ते थांबवले मेल्चोर रोद्रिगेस या अराज्यवाद्याने. तुरुंगांचा कारभार हाती आल्यावर तो स्वतः झुंडींसमोर दारात उभा राहिला.

दोन्ही बाजू सारख्याच, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टिकत नाही. प्रजासत्ताकाच्या भागात सुमारे ५०,००० माणसे मारली गेली. सरकारचा वचक परत आला तसतशी ही हिंसा ओसरली. फ्रँकोच्या भागातला आकडा त्याच्या दुपटीहून मोठा आहे, आणि तिथे वरचा अधिकारी हिंसा थांबवत नव्हता, चालवत होता. युद्ध संपल्यावरही ती थांबली नाही.

लंडनमध्ये सप्टेंबर १९३६ पासून 'अहस्तक्षेप समिती' बसू लागली. सत्तावीस देशांनी कोणालाही शस्त्रे न देण्याचे मान्य केले होते. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ते बरेचसे पाळले. जर्मनी, इटली आणि पोर्तुगाल समितीत बसून फ्रँकोला मदत करत राहिले. इटलीने युद्धभरात ७०,००० हून अधिक सैनिक पाठवले, जर्मनीने 'कोंडोर लीजन' हे हवाई दल. अमेरिकेने शस्त्रबंदी घातली, पण टेक्साको कंपनीने फ्रँकोला तेल उधारीवर पुरवले. तेलाशिवाय ट्रक चालत नाहीत; फ्रँकोचे ट्रक कधी थांबले नाहीत. प्रजासत्ताकाला मुख्यतः सोव्हिएत संघाचा दरवाजा उघडा होता आणि तिथे रोखीचा व्यवहार होता. ऑक्टोबर १९३६ मध्ये बँक ऑफ स्पेनचे सुमारे ५१० टन सोने कार्ताहेनाच्या बंदरातून ओदेसाला गेले. त्या बदल्यात रणगाडे, विमाने आणि सल्लागार आले, आणि त्यांच्याबरोबर स्टालिनचे गुप्त पोलीसही.

६ नोव्हेंबर १९३६ ला माद्रिद पडणार हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. सरकार रातोरात व्हॅलेन्सियाला निघून गेले आणि शहर जनरल मियाहाकडे सोपवले. मोलाच्या नावावर एक वाक्य सांगितले जाते: माद्रिदवर चार फौजा चालून जात आहेत, पाचवी शहराच्या आतच आहे. मराठी वृत्तपत्रांनी पुढे कायमचा स्वीकारलेला 'पंचमस्तंभी' हा शब्द तिथून निघाला. माद्रिद पडले नाही. न्हाव्यांच्या, शिंप्यांच्या, शिक्षकांच्या संघटनांनी आपापल्या पलटणी उभारल्या. पुढचा माणूस पडला की त्याची बंदूक उचलायला बिनबंदुकीची माणसे मागे उभी असत. आघाडी इतकी जवळ होती की ट्रामने तिथपर्यंत जाता येई. विद्यापीठाच्या नव्या आवारात एकाच इमारतीच्या खालच्या मजल्यावर एक बाजू आणि वरच्या मजल्यावर दुसरी, अशी लढाई झाली. तत्त्वज्ञान विभागात लढलेल्या एका ब्रिटिश स्वयंसेवकाने लिहून ठेवले आहे की खिडक्यांत रचायला भारतीय अध्यात्मावरचे आणि जर्मन तत्त्वज्ञानाचे जाडजूड ग्रंथ सर्वांत उत्तम. गोळी त्यांच्या पलीकडे जात नाही.

हा स्वयंसेवक ज्यांत होता त्या आंतरराष्ट्रीय तुकड्यांत पन्नासहून अधिक देशांचे सुमारे ३५,००० लोक येऊन गेले. पोलिश खाणकामगार, हिटलरच्या तावडीतून सुटलेले जर्मन, न्यूयॉर्कचे शिंपी, वेल्सचे बेकार असे सगळ्या तऱ्हेचे लोक त्यांत होते. त्यांत एक मराठी माणूसही होता. नागपूरचे गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सुरुवातीच्या काळातले सरकार्यवाह. राजकीय दरोड्याच्या खटल्यात शिक्षा भोगून ते पत्रकारितेच्या अभ्यासाला लंडनला गेले. तिथे डाव्या चळवळीशी संबंध आला आणि ते 'जॉन स्मिथ' या नावाने ब्रिटिश पलटणीत भरती होऊन स्पेनला पोहोचले. १९३८ मध्ये ते फ्रँकोच्या हाती सापडले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठातल्या छावणीत कैद झाले. त्याच वर्षी सुटून ते मायदेशी आले आणि पुढे कम्युनिस्ट झाले. जून १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरू कृष्ण मेनन यांच्यासह बार्सिलोनाला गेले आणि बॉम्बवर्षावाखालचे शहर त्यांनी पाहिले. स्पेनमध्ये वैद्यकीय सेवा केलेले डॉ. अटल त्याच वर्षी काँग्रेसच्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख म्हणून चीनला निघाले, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच पथकात होते.

माद्रिद टिकले, पण प्रजासत्ताक आतून एकसंध नव्हते. अराज्यवादी संघटनांना युद्ध आणि क्रांती एकाच वेळी हवी होती. बार्सिलोनात त्यांनी ट्राम, कारखाने, उपाहारगृहे कामगारांच्या ताब्यात दिली. वेटरला बक्षिशी देणे बंद झाले आणि श्रीमंतांचे रिट्झ हॉटेल सार्वजनिक खाणावळ बनले. आरागॉनच्या काही गावांनी पैसाच रद्द करून त्याऐवजी कुपने चालवली. समाजवादी आणि कम्युनिस्ट म्हणत, आधी युद्ध जिंकू, मग बाकीचे. मे १९३७ मध्ये बार्सिलोनाच्या टेलिफोन एक्स्चेंजवरून ठिणगी पडली आणि प्रजासत्ताकाचेच लोक चारपाच दिवस एकमेकांवर गोळ्या झाडत राहिले. पोऊम या छोट्या मार्क्सवादी पक्षाचा नेता आंद्रेउ निन याला सोव्हिएत हस्तकांनी पळवून ठार केले. त्या पक्षाच्या पलटणीत लढून मानेत गोळी लागलेला जॉर्ज ऑर्वेल कसाबसा सीमा ओलांडून निसटला. दुसरीकडे फ्रँकोने एप्रिल १९३७ मध्ये एका फतव्याने फॅसिस्ट फालान्हे आणि कार्लिस्ट यांना एका पक्षात कोंबले आणि स्वतः प्रमुख झाला. कुरकुर करणारे तुरुंगात गेले. मोला जूनमध्ये विमान अपघातात मेला. युद्धात प्रतिभेपेक्षा एकाच हाती कारभार असण्याचा उपयोग फ्रँकोला झाला. सेनानी म्हणून तो संथ होता, आणि तो संथपणा त्याला चालत होता. मागची जमीन पुरती 'साफ' केल्याशिवाय तो पुढे जात नसे.

१९३७ मध्ये त्याने मोर्चा उत्तरेकडे वळवला. बास्क लोक कट्टर कॅथलिक, तरीही स्वायत्ततेसाठी प्रजासत्ताकाबरोबर होते. त्यामुळे धर्मयुद्धाची भाषा करणाऱ्यांनी काही बास्क धर्मगुरूंनाच गोळ्या घातल्या. २६ एप्रिल १९३७ हा सोमवार होता, ग्वेर्निकाच्या बाजाराचा दिवस. दुपारी साडेचारच्या सुमारास चर्चची घंटा वाजली आणि कोंडोर लीजनची विमाने इटालियन विमानांच्या साथीने आली. जवळजवळ तीन तास ती लाटेमागून लाट येत राहिली. आधी स्फोटक बॉम्ब, मग आग लावणारे, आणि शेतांत पळणाऱ्यांवर मशिनगन. गावातल्या सुमारे तीन चतुर्थांश इमारती जळाल्या. ज्याच्यामुळे हल्ल्याचे समर्थन झाले असते तो पूल आणि शस्त्रांचा कारखाना मात्र शाबूत राहिले. ज्या ओक वृक्षाखाली बास्क सभा भरत, तोही वाचला. मृतांचा तेव्हाचा बास्क सरकारचा आकडा १,६५४ होता. आजचे बरेच अभ्यासक तो दीडशे ते तीनशेच्या दरम्यान मानतात. गाव लाल लोकांनीच पेटवले, असे फ्रँकोच्या कार्यालयाने जाहीर केले. ते खोटे ठरले ते 'टाइम्स'चा बातमीदार जॉर्ज स्टीअर त्याच रात्री तिथे पोहोचला म्हणून. त्याच्या बातमीनंतर पॅरिसमध्ये पिकासोने प्रदर्शनासाठी ठरलेला विषय बाजूला ठेवून जवळजवळ आठ मीटर रुंदीचे चित्र रंगवले. ते स्पेनला आले १९८१ मध्ये, फ्रँकोच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

जूनमध्ये बिल्बाओ पडले आणि ऑक्टोबरपर्यंत सगळा उत्तर किनारा. पोलाद आणि कोळसा फ्रँकोकडे गेला. प्रजासत्ताकाने ब्रुनेते, बेल्चिते, तेरुएल इथे चढाया केल्या. प्रत्येक वेळी सुरुवात चांगली होई आणि शेवट माणसे गमावून. तेरुएलला १९३७–३८ च्या हिवाळ्यात पारा शून्याखाली अठरा अंशांवर गेला आणि गोळ्यांइतकेच सैनिक हिमदंशाने जायबंदी झाले. १५ एप्रिल १९३८ ला फ्रँकोची फौज व्हिनारोस इथे भूमध्य समुद्राला भिडली आणि प्रजासत्ताकाचे दोन तुकडे झाले.

पंतप्रधान हुआन नेग्रीनची आता एकच आशा होती, की युरोपात मोठे युद्ध पेटेल आणि स्पेन त्याचा भाग होईल. तोवर तग धरायचा. माद्रिदमध्ये खायला मुख्यतः मसूर उरली होती. लोक तिला 'डॉक्टर नेग्रीनच्या गोळ्या' म्हणत, कारण पंतप्रधान पेशाने शरीरशास्त्राचा प्राध्यापक होता. ऑक्टोबरमध्ये फ्रँकोच्या विमानांनी या उपाशी शहरावर बॉम्बऐवजी पांढरे पाव टाकले. तो टोमणाही होता आणि जाहिरातही. २५ जुलै १९३८ ला प्रजासत्ताकाच्या फौजेने रात्रीच्या अंधारात होड्यांनी एब्रो नदी ओलांडली. साडेतीन महिन्यांहून अधिक काळ उघड्या टेकड्यांवर तोफांच्या माऱ्यात ती टिकून राहिली. दरम्यान सप्टेंबरअखेर म्युनिकमध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला दिला आणि नेग्रीनच्या आशेवर पाणी पडले. ऑक्टोबरअखेर आंतरराष्ट्रीय तुकड्यांना बार्सिलोनाने फुले उधळून निरोप दिला. त्यांतल्या बऱ्याच जणांना परतायला देशच नव्हता.

२६ जानेवारी १९३९ ला बार्सिलोना जवळजवळ न लढता पडले. पिरेनीज पर्वताच्या खिंडींकडे जाणारे रस्ते भरून गेले. गाद्या, शिवणयंत्रे, कोंबड्या, पोरे घेऊन सुमारे साडेचार ते पाच लाख माणसे बर्फातून फ्रान्सच्या हद्दीत शिरली. फ्रान्सने त्यांना आर्जेलेसच्या समुद्रकाठी तारेच्या कुंपणाआड ठेवले. सुरुवातीला छप्पर नव्हते, लोक वाळूत खड्डे खणून झोपत. कवी आंतोनियो माचादो आईसह सीमा ओलांडून कोलिऊरला आला आणि २२ फेब्रुवारीला तिथेच वारला. आई तीन दिवसांनी गेली. २७ फेब्रुवारीला ब्रिटन आणि फ्रान्सने फ्रँकोला मान्यता दिली. मार्चमध्ये माद्रिदमध्ये कर्नल कासादोने नेग्रीनविरुद्ध बंड केले. फ्रँको आपल्याशी अधिकारी म्हणून बोलेल, असा त्याचा समज होता. उपाशी शहरात पुन्हा काही दिवस आपसांत लढाई झाली. फ्रँकोने बिनशर्त शरणागतीखेरीज काहीच देऊ केले नाही आणि २८ मार्चला त्याच्या फौजा माद्रिदमध्ये शिरल्या.

त्याच रात्री आलिकांते बंदरातून 'स्टॅनब्रुक' हे ब्रिटिश मालवाहू जहाज २,६३८ माणसे कोंबून ओरानकडे निघाले. त्यानंतर मोठे जहाज आले नाही. धक्क्यावर हजारो माणसे समुद्राकडे डोळे लावून होती. इटालियन सैन्य आले तेव्हा काहींनी तिथेच स्वतःला संपवले. १ एप्रिलला फ्लूने आजारी असलेल्या फ्रँकोने युद्ध संपल्याचे दोन ओळींचे पत्रक काढले.

शांतता मात्र आली नाही. फेब्रुवारीत काढलेला 'राजकीय जबाबदारी'चा कायदा ऑक्टोबर १९३४ पासूनच्या कृत्यांना लागू होता, म्हणजे कृत्य करताना जो गुन्हा नव्हता त्याचीही शिक्षा होती. १९४० च्या आरंभी तुरुंगांत सुमारे २,७०,००० माणसे होती आणि युद्धानंतर आणखी सुमारे २०,००० जणांना गोळ्या घातल्या गेल्या. हजारो शिक्षक बडतर्फ झाले, कॅटलन आणि बास्क भाषा सार्वजनिक व्यवहारातून हद्दपार झाल्या, आणि रेशनकार्डे १९५२ पर्यंत चालली. देश सोडून गेलेल्यांपैकी सुमारे २०,००० जणांना मेक्सिकोने घेतले. फ्रान्समध्ये राहिलेल्यांतले हजारो नाझींच्या माउटहाउझेन छावणीत गेले. काही जण फ्रेंच सैन्यात शिरले. २४ ऑगस्ट १९४४ च्या संध्याकाळी पॅरिसमध्ये सर्वांआधी शिरलेल्या चिलखती गाड्यांवर 'तेरुएल', 'एब्रो', 'ग्वादालाहारा' अशी नावे रंगवलेली होती.

माद्रिदच्या वायव्येला डोंगर कोरून फ्रँकोने एक प्रचंड भूमिगत चर्च बांधले आणि वर दीडशे मीटरचा क्रूस उभारला. बांधकामात कैदी राबले. १९५९ मध्ये ते पुरे झाले आणि तिथे ३३,००० हून अधिक मृत आणून ठेवले गेले. जागा भरायला कमी पडले तेव्हा प्रजासत्ताकाच्या बाजूचे मृतही रस्त्याकडेच्या चरांतून काढून, नातेवाइकांना न विचारता, तिथे नेले. २० नोव्हेंबर १९७५ ला फ्रँको मेला आणि त्याच चर्चमध्ये पुरला गेला. लोकशाही आली, १९७७ मध्ये सर्वांना माफी देणारा कायदा झाला, आणि मागचे उकरायचे नाही यावर डाव्या आणि उजव्या पुढाऱ्यांचे एकमत झाले. पण गावात चर कुठे आहे हे म्हाताऱ्यांना ठाऊक होते. २००० मध्ये लेओन प्रांतातल्या प्रियारान्सा देल बिएर्सो या गावी एका नातवाच्या पुढाकाराने, पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली, असा एक चर उघडला गेला आणि मग ठिकठिकाणांहून मागण्या येऊ लागल्या. २००७ आणि २०२२ मध्ये स्मृतीविषयीचे कायदे झाले. २४ ऑक्टोबर २०१९ ला फ्रँकोची शवपेटी डोंगरातल्या त्या चर्चमधून हलवून साध्या स्मशानभूमीत नेण्यात आली.

पालेन्सिया शहरातल्या जुन्या दफनभूमीवर पुढे मुलांचे उद्यान झाले होते. तिथे २०११ मध्ये खोदकाम झाले, तेव्हा सप्टेंबर १९३६ मध्ये गोळ्या घातलेल्या एका बाईच्या सांगाड्याजवळ झगझगीत रंगांचा खुळखुळा मिळाला. तिला नेले तेव्हा तिचे धाकटे मूल नऊ महिन्यांचे होते. खुळखुळा त्याच्या हाती पडला २०१९ मध्ये. तो तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता.